कुंकू फिकं दिसलं तेव्हा

आम्ही आरोग्य गटाच्या बाया. आज डोळ्याबद्दल बोलायचंय, पण मोतीबिंदूबद्दल नाही.

आमच्या गटातली एक सून, तिशीच्या आतली. सकाळी आरशापुढे कुंकू लावताना तिच्या ध्यानात आलं, उजवा डोळा झाकला की कुंकू लालभडक, डावा झाकला की तेच विटकरी, धुरकट. डोळा फिरवला की आत ठणका. बाहेरून डोळा स्वच्छ. लाली नाही, घाण नाही. सासूबाई म्हणाल्या, नंबर आला असेल. खरं सांगायचं तर आम्हीही तेच म्हणालो. तिसऱ्या दिवशी तिला त्या डोळ्याने समोरची बोटंही मोजता येईनात, तेव्हा रात्री गाडी करून जिल्ह्याच्या गावी नेलं.

डोळ्यांची ओपीडी बंद, म्हणून कॅज्युअल्टीत. तिथली डॉक्टर आमच्या पोरींच्या वयाची. आम्हाला वाटलं, ही काय बघणार! तिने खोलीतला दिवा मालवला, बॅटरीचा उजेड डाव्या डोळ्यावर धरला, मग उजव्यावर, पुन्हा डाव्यावर. उजेड पडला की बाहुली बारीक व्हायला हवी. हिच्या उजव्या डोळ्यावर उजेड आला की बाहुली उलट मोठी होत होती.

डॉक्टरने समजावलं ते असं. डोळ्यामागून मेंदूकडे एक नस जाते. तिच्यात दहा लाखांहून जास्त बारीक तंतू असतात. ती नस सुजली की उजेडाची बातमी मेंदूला अर्धवट पोचते, म्हणून बाहुली सैल पडते. मग तिने एका बाटलीचं लाल झाकण एकेका डोळ्यापुढे धरून रंग विचारला. या आजारात लाल रंग आधी फिका पडतो. म्हणजे कुंकवाने आधीच सांगितलं होतं, आम्हीच ऐकलं नाही. डोळ्याच्या आत दुर्बिणीने पाहिलं तर काहीच दिसलं नाही. तरी ती म्हणाली, आत ठीक दिसलं म्हणून सोडून द्यायचं नाही, सूज पुष्कळदा मागच्या बाजूला असते.

मग प्रश्न सुरू झाले. टीबीच्या गोळ्या चालू आहेत का? दारू घेतली का? सासरे भडकलेच! पण ती ते सगळ्यांना विचारते, आणि बरोबर विचारते. टीबीच्या औषधांतल्या एथॅम्ब्युटॉल गोळीने काहींची ही नस दुखावते. बहुधा दोन्ही डोळे हळूहळू मंदावतात, दुखत नाहीत. गोळ्या मनाने बंद करू नका, पण त्याच दिवशी डॉक्टरला सांगा. आणि विषारी दारूतलं मिथेनॉल तर काही तासांत दोन्ही डोळे घालवतं, जीवही घेतं. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली. घरातला माणूस पिऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी ‘धुकं दिसतंय’ म्हणाला, तर लाजू नका, झोपू देऊ नका, गाडी काढा. म्हाताऱ्या माणसाला डोकं दुखून, चावताना जबडा दुखून एकदम दिसेनासं झालं, तरीही तसंच.

आमच्या सुनेला सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहिलं, एमआरआय झाला, तीन दिवस सलाइनमधून स्टिरॉइड दिलं. आम्ही आदल्या दिवशी मेडिकलमधून स्टिरॉइडच्या गोळ्या आणायच्या बेतात होतो. बरं झालं नाही आणल्या. 1992 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की या आजारात साध्या डोसच्या नुसत्या गोळ्यांनी फायदा होत नाही, उलट आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण वाढतं.

घरी तपासायचं तर एक डोळा झाकून लाल टोमॅटो पाहा, मग दुसरा झाकून. फरक वाटला तर त्याच दिवशी निघा. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, आणि दिसणं कधी कमी झालं ती वेळ कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

दीड महिन्यात तिला परत दिसू लागलं. मिरच्या निवडताना म्हणते, उजव्या डोळ्याला अजून थोड्या फिक्याच दिसतात. पुढच्या तपासणीला तिच्यासोबत आमच्यातली एक जाणार आहे.