पाय थांबवतो, तरी चालायचं

(पाचोरा येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



अब्बा बाजारातून येताना मध्येच थांबतात. विचारलं तर म्हणतात, "काही नाही, पाय भरून आले." दोन-चार मिनिटं उभे राहिले की बरं वाटतं. तेवढंच अंतर चालले की पोटरीत पुन्हा गोळा. आपण म्हणतो, वात असेल, वय झालं. माझी विनंती आहे, इतक्या सहज हे म्हणू नका.

चालल्यावर दुखणं आणि नुसतं उभं राहिल्यावर थांबणं, ही पायाच्या रक्तवाहिनीची तक्रार असू शकते. हृदयाची नळी तुंबते, तशी पायाचीही तुंबते. बिडी-सिगारेट, साखर, रक्तदाब, कोलेस्ट्रॉल ही कारणं तीच. म्हणून अशा माणसाला हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोकाही जास्त असतो. तपासणी सोपी आहे. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजतात. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागल्यावर उत्तर 0.90 किंवा कमी आलं, तर आजार आहे असं धरतात.

हा फक्त म्हाताऱ्यांचा प्रश्न नाही. तंबाखूमुळे तरुणांच्या हातापायांच्या नळ्या बंद करणारा एक आजार आहे, बर्जरचा. न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी 1908 साली त्याचं वर्णन केलं. त्यात पाय वाचवायचा तर तंबाखू पूर्ण सोडावी लागते, 'कमी केली' चालत नाही.

आता औषधाचं. गोळ्या डॉक्टर देतील, त्या चुकवायच्या नाहीत. पण चालणं हेही औषध आहे आणि त्यालाही डोस आहे. आठवड्यातून किमान 3 दिवस, 30 ते 45 मिनिटं, निदान 12 आठवडे. पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. तुंबलेली नळी याने उघडत नाही. पण स्नायू मिळेल तेवढ्या रक्तात जास्त काम करायला शिकतात. अमेरिकेत 305 रुग्णांवर झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाय दुखेल अशा वेगाने वर्षभर चालणाऱ्यांचं अंतर वाढलं. न दुखता रमतगमत चालणाऱ्यांना तो फायदा झाला नाही.

मात्र सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा. रात्री झोपेत पाय दुखत असेल, जखम भरत नसेल, बोट काळं पडत असेल, तर चालणं थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा. पाय अचानक गार आणि पांढरा पडला, तर तासाचाही उशीर नको. साखरेच्या रुग्णाला जखम झालेली कळतही नाही. आपण वुजू करताना दिवसातून पाच वेळा पाय धुतो. त्यातल्या एका वेळी तळवे नीट बघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

शेवटी अवघड मुद्दा. अब्बा फजरला चालत मशिदीत जातात, चालत परततात. अम्मी कुठे चालते? साखर तिलाही आहे. ती घराबाहेर फिरायला निघाली की मोहल्ला विचारतो, "कुठे निघाली?" हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला, तो हक्कांसाठी. आज अम्मीने रोज अर्धा तास रस्त्यावर चालणं हाही हक्कच आहे. कुणाची परवानगी कशाला?

आपल्या खानदेशात उन्हाळ्यात दुपारी चालणं शक्य नाही. म्हणून सकाळी उजाडताच किंवा ऊन उतरल्यावर निघा. एकटीला संकोच वाटतो, तर दोन खाला, एक नानी आणि सोबत तुम्ही. ती थांबेल तिथे तुम्हीही थांबा, घाई करू नका. आणि अब्बांची बिडी सुटावी असं वाटत असेल, तर आधी आपल्या खिशातली पुडी काढून टाका.

शरीर ही अमानत आहे, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ती सांभाळायची तर उद्या सकाळी चपला घाला आणि अम्मीला हाक मारा.