लिंकनचं खरं पत्र



संयोजकांनी फोन केला तेव्हा म्हणाले, "तू सॉफ्टवेअरवाली, तू एआयवर बोल." मी म्हटलं, ते रोज ऑफिसात चालतंच, शाळेत येऊन परत तेच कशाला? मला अब्राहम लिंकनवर बोलायचंय. पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग म्हणाले, "बरं, पण दहा मिनिटं." तेव्हा घड्याळ लावूनच बोलते.

मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, पाण्याच्या टाकीकडे जाताना डाव्या हाताला एक तसबीर होती. आठवते? लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र, वसंत बापटांच्या मराठीत. ज्यांना वर्गाबाहेर उभं राहण्याची शिक्षा वरचेवर व्हायची, त्यांना ते न शिकवताच पाठ झालं असेल. मला मात्र ते बाईंनी पाठ करून घेतलं. मी आठवीत होते, शिक्षक दिन होता. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं बाईंनी चार दिवस शाळा सुटल्यावर बसवून शिकवलं. पुढे कितीतरी वर्षं लिंकन म्हटलं की मला तेच पत्र आठवायचं.

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या शाळेत तेच पत्र म्हणायचं ठरलं. मी उत्साहाने शिकवायला बसले. तिने विचारलं, "आई, हे त्याने कधी लिहिलं? तारीख काय?" मला सांगता येईना. आमच्या कामात कुणी एखादी गोष्ट सांगितली की आम्ही आधी विचारतो, ही आली कुठून? इतकी वर्षं या पत्राबद्दल मी ते कधीच विचारलं नव्हतं.

शोधायला बसले. लिंकनची पत्रं, भाषणं, टिपणं रॉय बासलर या अभ्यासकाने संपादित करून १९५३ मध्ये आठ खंडांत प्रसिद्ध केली. मिशिगन विद्यापीठाने ती सगळी इंटरनेटवर ठेवली आहेत, शब्द टाकून शोधता येतात. त्यात हे पत्र नाही. त्याची मूळ प्रत कुणाला सापडलेली नाही. थोडक्यात, ते लिंकनचं आहे याला काहीच आधार नाही.

मला फार वाईट वाटलं. आणि त्याहून मोठी अडचण अशी, की हे बाईंना कसं सांगायचं? शेवटी फोन केला. बाई ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "बापटांचं मराठी तर खरं आहे ना? आणि त्यातला विचार वाईट आहे का? मग ते राहू दे. पण नुसतं 'हे खोटं' म्हणून थांबू नकोस. खरा लिंकन कसा होता, ते शोध आणि मला सांग." म्हणजे सत्तरी उलटल्यावरही बाईंनी गृहपाठ दिलाच. तो आज सगळ्यांसमोर सादर करते.

पहिली गोष्ट शाळेची. लिंकन १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकीत जन्मला. नऊ वर्षांचा असताना आई गेली. पुढच्या वर्षी आलेल्या सावत्र आईने, सॅरा तिचं नाव, त्याला जीव लावला आणि वाचू दिलं. १८६० मध्ये निवडणुकीच्या वेळी त्याने स्वतःची छोटी माहिती लिहून दिली. त्यात तो म्हणतो की आपलं सगळं शालेय शिक्षण एकत्र मोजलं तर एक वर्षही भरत नाही. वकिलीची सनद हातात येईपर्यंत तो कुठल्या कॉलेजच्या इमारतीत पाऊलसुद्धा टाकू शकला नव्हता. अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांची माहिती गोळा होत होती, तेव्हा शिक्षणाच्या जागी त्याने 'सदोष' अशा अर्थाचा एकच शब्द लिहिला. ही कमतरता त्याने लपवली नाही आणि मिरवलीही नाही. तिची आपल्याला खंत वाटते, असं त्याने लिहून ठेवलं आहे.

दुसरी गोष्ट, आपल्या भूमितीच्या सरांसाठी. काँग्रेसचा सदस्य झाल्यानंतर, म्हणजे साधारण आपल्या आजच्या वयात, लिंकन युक्लिडची भूमिती शिकला. पहिली सहा पुस्तकं 'जवळजवळ' आत्मसात केली, असं तो लिहितो. सर, तो 'जवळजवळ' शब्द मला फार आवडला. आम्ही तर तुम्हाला "प्रमेय पूर्ण पाठ आहे सर" असं छातीठोक सांगायचो आणि फळ्यापाशी गेल्यावर गप्प व्हायचो.

तिसरी गोष्ट, मी इंजिनिअर म्हणून सांगते. आजवरच्या अमेरिकन अध्यक्षांत स्वतःच्या नावावर पेटंट असलेला हा एकटाच. २२ मे १८४९, पेटंट क्रमांक ६४६९. तरुणपणी तो सपाट तळाच्या होड्यांवर काम करायचा. १८३१ मध्ये न्यू सेलम गावाजवळ त्याची होडी गिरणीच्या बंधाऱ्यावर अडकली, तेव्हा होडीला भोक पाडून आत साचलेलं पाणी बाहेर काढण्याची युक्ती त्याने केली होती. उथळ पाण्यात बोटी रुतण्याचा हा त्रास त्याच्या डोक्यात राहिला. बोटीच्या दोन्ही बाजूंना भात्यासारख्या फुगणाऱ्या पिशव्या लावायच्या, बोट रुतली की त्या पाण्यात उतरवून फुगवायच्या, म्हणजे बोट वर उचलली जाईल, अशी त्याची कल्पना. त्याने केलेलं लाकडी मॉडेल वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आजही आहे. प्रत्यक्षात मात्र ते यंत्र कधीच बनलं नाही. माझ्याही लॅपटॉपवर असे न बनलेले बरेच प्रकल्प पडून आहेत, त्यामुळे हे वाचून मला जरा बरं वाटलं.

आता चौथी गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला.

लिंकनचा मोठा मुलगा रॉबर्ट. १८५९ मध्ये त्याने हार्वर्डची प्रवेश परीक्षा दिली. सोळापैकी पंधरा विषयांत नापास. मग एक्झिटरच्या शाळेत वर्षभर अभ्यास करून १८६० मध्ये त्याला प्रवेश मिळाला. त्याच वर्षी रॉबर्टचा मित्र जॉर्ज लॅथम याला मात्र हार्वर्डने नाकारलं. रॉबर्टच्या पत्रातून लिंकनला ते कळलं. लिंकन तेव्हा अध्यक्षपदाचा उमेदवार होता. देश फुटायच्या बेतात होता, दिवसभर लोकांची रीघ लागलेली. अशात बातमी कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २२ जुलै १८६० रोजी, त्याने त्या मुलाला पत्र लिहिलं. हे पत्र खरं आहे. तारखेसकट, सहीसकट.

त्यात काय आहे, माझ्या शब्दांत सांगते. तुझी बातमी ऐकून झालं एवढं दुःख मला क्वचितच झालं असेल. पण निराशेला मनात घर करू दिलं नाहीस, तर यात फारसं काही बिघडलेलं नाही. माझं वय झालंय, मी खूप सोसलंय, त्या अनुभवावरून सांगतो, तू ठाम ठरवलंस तर तुला जमेल. आत्ता अडलास म्हणून, सहज आत गेलेल्यांपेक्षा तू पुढे कमी ठरशील असं मुळीच नाही. आणि या सगळ्यामध्ये एक साधा, व्यवहारी सल्ला आहे. विद्यापीठाचे प्रमुख भले गृहस्थच असणार. त्यांना जाऊन भेट, अडचण कशी दूर करायची ते तेच तुला सांगतील.

हे वाचताना मी या ओळीपाशी थांबले. कारण मी नेमकं उलटं केलं होतं.

दहावीला गणितात मला १५० पैकी १४१ होते. शाळेच्या फळ्यावर माझं नाव रंगीत खडूने लिहिलं होतं. आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी मी गणितात नापास झाले. घरचे सोडले तर कुणाला सांगितलं नाही. त्या दिवाळीत गावी आले तेव्हा शाळेच्या रस्त्याने जायचं टाळून मागच्या गल्लीने घरी जायची. एकदा मंडईत समोरून बाई येताना दिसल्या, तर मी कांद्याच्या पोत्यांमागे लपले. पुढे पेपर सुटला, पदवी मिळाली, नोकरी लागली. पण तोवर शाळेत न येण्याची सवयच झाली. माझ्यासारखे अजूनही काही जण असतील. आजच्या मेळाव्याला जे आले नाहीत, त्यांच्यातले काही याच कारणाने आले नसतील.

लिंकनचं पत्र वाचून झाल्यावर बाईंना दुसरा फोन केला आणि हे सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "अगं, मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या आईने सांगितलं होतं. मंडईतही मी तुला पाहिलं होतं. म्हटलं, येईल आपणहून." बाई, यायला मला पंचवीस वर्षांहून जास्त लागली.

खोलीबाहेरची ती तसबीर काढावी असं मी म्हणणार नाही. तिच्याखाली 'लिंकनच्या नावाने प्रसिद्ध असलेलं पत्र' एवढं लिहिलं तर बरं होईल. आणि तिच्या शेजारी लॅथमला लिहिलेलं पत्र लावावं, अशी मुख्याध्यापकांना विनंती आहे. मी त्याचं मराठी करून, फ्रेम करून आणलं आहे. बाईंनी ते तपासलं, शुद्धलेखनाच्या सात चुका काढल्या, आणि मगच फ्रेम झाली.

जून महिन्यात त्या टाकीपाशी पाणी प्यायला एखादा नापास झालेला मुलगा येईल. त्याने ते वाचावं, आणि शेजारचंच दार ढकलून आत जावं, एवढीच इच्छा आहे.