मोरसवाले आजोबा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली. मी काही विदुषी नव्हे. घरातलीच एक गोष्ट सांगते.

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. आमची आजी साखरेला ‘मोरस’ म्हणे. मोरस म्हणजे मॉरिशस. तिकडून येणाऱ्या साखरेला त्या बेटाचेच नाव पडले होते. साखरेचा डबा उघडताना आजी कधी कधी म्हणे, “आपल्या घरातला एक माणूस या मोरसला गेला, तो परत आला नाही.” तो माझ्या आजोबांच्या आजोबांचा भाऊ. नाव विचारले, तर “मोरसवाले.” बायको? “होती, तीही गेली त्यांच्याबरोबर.” यापलीकडे कुणालाच काही ठाऊक नव्हते.

आजी गेल्यावर मात्र मला रुखरुख लागली आणि मी शोध घेऊ लागले.

इतिहास असा. १८३३ च्या कायद्याने इंग्रजांच्या वसाहतींत गुलामगिरी बंद झाली. मॉरिशसच्या ऊसमळ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे करारावर तिकडे गेली. मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत. त्यांतून आपली कोकणची माणसे गेली आणि मळ्यांतच वसली. त्यांच्या वंशजांनी गणपती टिकवला, जाखडीचा नाचही टिकवला.

प्रत्येक उतारूला तिथे एक क्रमांक मिळे. नोंदवहीत नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज, अंगावरची खूण असे सारे लिहीत. पुढे छायाचित्रेही काढू लागले. या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. तिकडची मराठी कुटुंबे त्यांच्या आधारे आपले मूळ गाव शोधतात.

पण वाट सोपी नाही. कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले, तसे त्याने लिहिले. आडनाव बहुधा नाहीच. पुढे पहिल्या पुरुषाचे नाव हेच घराण्याचे आडनाव झाले. तिथला पहिला गणेशोत्सव १८९६ साली हेन्रिएटा गावी भिवाजी कुटुंबाने केला असे सांगतात. आपल्याकडे भिवाजी हे पाळण्यातले नाव. तिकडे ते आडनाव! तेव्हा आमचे आडनाव घेऊन तिकडे विचारणे व्यर्थच होते.

मग मी माहेरची वंशावळ काढली. सहा पिढ्यांचे पुरुष ओळीने लिहिलेले. एका नावापुढे फांदी तुटलेली आणि शेजारी एकच शब्द: ‘परागंदा.’ हेच ते! मला केवढा आनंद झाला! पण त्या नावाची माणसे कोकणात वाडीवाडीला. नोंदवहीत ती किती असतील! यातले आमचे कोणते, हे ओळखायचे कसे? एकच खूण उपयोगी पडली असती. एकाच जहाजातून उतरलेले नवरा-बायको, दोघांची नावे जोडीने. बायकांनाही तिथे स्वतंत्र क्रमांक असे.

वंशावळीत मी तिचे नाव शोधले. सहा पिढ्यांत एकाही स्त्रीचे नाव नाही.

भगिनींनो, परमुलखातल्या कारकुनाने जिचे नाव विचारून लिहून घेतले, तिचे नाव तिच्या स्वतःच्या घराने लिहिले नाही. म्हणून आमचा शोध तिथेच थांबला आहे.

माझी एवढीच विनंती. आज घरी जाऊन एक वही करा. आई, आजी, पणजी, सासूबाई, आजेसासूबाई यांची माहेरची आणि सासरची नावे, गाव, तालुका, आठवेल ते साल लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. उद्यावर टाकू नका. उत्तन-डोंगरीच्या आपल्या ख्रिस्ती भगिनींना देवळातल्या बाप्तिस्म्याच्या वहीत आईचे नाव सापडेल. तेही उतरवून घ्या.

आपण बहुतेकजणी बाहेरगावाहून या भाईंदरला आलो, खारे पाणी आणि लोकलची गर्दी सोसून संसार मांडले. वंशावळीत सर्वांत वर मूळ पुरुष लिहितात. आपल्या पतवंडांनी विचारले, तर त्याच्या शेजारी मूळ स्त्रीचेही नाव असू द्या.

माझ्या वहीत मी मोरसवाल्या आजोबांच्या शेजारी एक जागा रिकामी ठेवली आहे. ती भरेल तेव्हा मंडळात साखर वाटीन.