कल्पनेतल्या गोष्टींचं वेड



आज मी एका वेडाबद्दल बोलणार आहे. कुणाला मालिकांचं वेड असतं, कुणाला साड्यांचं, तसं कुणाला कल्पनेतल्या गोष्टींचं असतं. परग्रहावरचे पाहुणे, काळात मागे नेणारं यंत्र, कुठल्याच नकाशात नसलेली राज्यं. हे वेड असलेल्या बाईला घरात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "हे सगळं खोटंच ना? मग वाचून मिळतं काय?"

कंपनीतली शिफ्ट, नाहीतर रानातली खुरपणी, मग स्वयंपाक, पोरांचा अभ्यास. यातून कसाबसा अर्धा तास उरतो. तो असल्या गोष्टींत घालवायचा म्हणजे उधळपट्टी, असं हळूहळू आपल्यालाही वाटायला लागतं. आज मी त्या अर्ध्या तासाची बाजू मांडणार आहे.

हे वेड आपल्याला नवीन नाही. श्रावणात आपण कहाण्या ऐकतो, तेव्हा आटपाट नगर कुठल्या तालुक्यात आहे असं कुणी विचारत नाही. नागपंचमीच्या कहाणीत, जिला माहेरचं कुणी नाही अशा सासुरवाशिणीला न्यायला नाग मामा बनून येतो. असं घडत नाही, हे सांगणारीला ठाऊक असतं आणि ऐकणारीलाही. तरी ती कहाणी दरवर्षी ऐकावीशी वाटते. कारण त्या बाईचं एकटेपण खरं असतं, आणि कुणीतरी न्यायला यावं ही तिची इच्छाही खरी असते. कल्पनेतली गोष्ट अशीच चालते. घडणारं खोटं, वाटणारं खरं.

आता आपल्या उंबऱ्याजवळची एक तारीख घ्या, १ जानेवारी १८१८. ती आपल्या भागात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवशी कोरेगाव भीमाची लढाई झाली. त्याच तारखेला तिकडे लंडनमध्ये एक कादंबरी प्रसिद्ध झाली, 'फ्रँकेन्स्टाइन'. एक तरुण मृत शरीरांचे अवयव जोडून जिवंत प्राणी तयार करतो आणि त्याचं रूप पाहून त्याला टाकून पळतो. पुढे तो प्राणी माणसांच्या जगात आपलं कुणी शोधत फिरतो. पुस्तकावर लेखकाचं नाव नव्हतं. प्रस्तावना एका कवीने लिहिलेली, म्हणून कादंबरीही त्याचीच असेल असं काहींना वाटलं. खरी लेखिका होती त्याची बायको, मेरी शेली. वय वर्षं वीस. आज जगभर विज्ञानकथेची सुरुवात सांगताना बहुतेक जण याच पुस्तकाचं नाव घेतात.

आपल्या देशातही फार वाट पाहावी लागली नाही. १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन' या स्त्रियांच्या मासिकात बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा छापून आली. त्या स्वतः पडद्यात वाढलेल्या. कथेत मात्र सगळं उलटं आहे. तिथे पुरुष घराच्या आत आणि बायका राज्य चालवतात. सूर्याची उष्णता साठवून स्वयंपाक होतो, त्यामुळे चुलीचा धूर नाही. फुग्याला नळ्या लावून ढगांतलं पाणी काढून घेतात. जनाना म्हणजे काय हे वर्षानुवर्षं सांगून जे कळलं नसतं, ते मर्दाना दाखवल्यावर एका बैठकीत कळतं, आणि वर हसूही येतं. पुढे या बाईंनी कोलकात्यात मुलींची शाळा चालवली.

मराठीत या गोष्टींना मोठा मान मिळवून दिला तो जयंत नारळीकरांनी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला. ना. वि. ज. उलटं वाचा, ज. वि. ना. होतं! इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाने नाव बदलून स्पर्धेत उतरावं, याला हौसच म्हणायची. हेच नारळीकर २०२१ साली नाशिकच्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी ते गेले, पण त्यांची पुस्तकं वाचनालयात हात पुढे केला की मिळतात. शुभदा गोगटे यांची 'यंत्रायणी' शोधा, विज्ञानकथा फक्त पुरुषांनी लिहिल्या असं वाटत असेल तर. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या गोष्टी मराठीत आणल्या. त्यांचा फास्टर फेणे तर आपल्या शेजारच्या फुरसुंगीचा.

आता या वेडातला खरा आनंद सांगते. अशी गोष्ट वाचून गप्प बसवत नाही. नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्या. इतिहासाचे एक प्राध्यापक अचानक अशा जगात जाऊन पोचतात, जिथे १७६१ साली पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. का, तर विश्वासरावांना लागायची गोळी कानाला चाटून गेली. एवढासाच फरक. ही गोष्ट कुणालाही सांगून बघा. मग इंग्रज आले असते का? आपल्या गावाशेजारून हा नगर रस्ता गेला असता का? कंपनीच्या बसमध्ये विषय काढला तर स्टॉप येईपर्यंत वाद संपणार नाही. ज्या बाईशी रोज फक्त "झाला का स्वयंपाक" एवढंच बोलणं होतं, तीही भांडायला लागेल.

दुसरा आनंद म्हणजे "असं झालं तर?" हा प्रश्न विचारायची सवय लागते. आपल्याला लहानपणापासून "असंच असतं" हे ऐकायची सवय. सुनेने असंच वागायचं असतं, मुलीने एवढंच शिकायचं असतं. गोष्ट वाचणारी बाई निदान मनात तरी म्हणते, वेगळं असतं तर कसं दिसलं असतं? त्यातून लगेच काही बदलतं असा माझा दावा नाही. पण जे कधी डोळ्यासमोरच आलं नाही, ते मागायचं तरी कसं?

आणि तिसरा, हे वेड मुलांबरोबर वाटून घेता येतं. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. परग्रहाची गोष्ट सांगून झाल्यावर पोराला ते सांगा, आणि मग त्याच्या प्रश्नांची तयारी ठेवा.

तेव्हा मैत्रिणींनो, भाजी निवडताना एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. शाळेच्या ग्रंथालयातून लेकीने आणलेलं पुस्तक परत जाण्याआधी आपणही चाळावं. दिवाळी अंक घरात आला की विज्ञानकथेचं पान आधी उघडावं. कुणी विचारलंच, "हे खोटंच ना?" तर म्हणा, "हो, खोटं आहे. बस जरा, तुलाही वाचून दाखवते."