बॉनेटखालील अग्नीचा बंदोबस्त



पेट्रोल इंजिनाचा जमाखर्च ज्याने एकदा मांडून पाहिला आहे, त्याला हे ठाऊक असते की, टाकीत ओतलेल्या इंधनापासून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्साच काय तो इंजिन फिरवण्याच्या कामी येतो, तितकाच दुसरा हिस्सा रेडिएटरच्या पाण्यावाटे वाऱ्यावर जातो, आणि उरलेला हिस्सा जळक्या वायूंबरोबर एक्झॉस्टच्या नळीतून बाहेर पडतो. आजच्या व्याख्यानाचा विषय हा उरलेला हिस्सा होय. तो नळीतून सरळ बाहेर गेला असता तर कोणाचीच तक्रार नव्हती. परंतु जाता जाता तो नळीच्या भिंतीतून आजूबाजूला पसरतो, आणि जेथे जागा अगदी बेताची असते अशा स्पोर्ट्‌स मोटारीच्या बॉनेटखाली त्याचा उपद्रव सर्वांत अधिक होतो.

उदाहरणादाखल इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे १९६२ पासून १९८० पर्यंत तयार झालेली एमजीबी ही गाडी घेऊ. १७९८ घनसेंटिमीटरच्या तिच्या चार सिलिंडरी इंजिनात मिश्रण आत घेणारी द्वारे आणि धूर बाहेर टाकणारी द्वारे एकाच अंगाला आहेत. त्यामुळे बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि त्याच्या अगदी शेजारी, किंचित वर, एसयू जातीचे दोन कार्ब्युरेटर, अशी रचना झाली. चुलीच्या वैलावर भांडे ठेवावे तशी पेट्रोलची ही दोन लहान भांडी तापल्या बिडाच्या सान्निध्यात राहतात, आणि पेट्रोलमधील हलके अंश तर ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. गाडी धावत असते तोवर समोरचा वारा हे सारे सावरून घेतो. पण एखादा लांबलचक चढ चढून आल्यावर ती थांबवली म्हणजे पंखा थांबतो, पाणी फिरायचे थांबते, वारा थांबतो, आणि बिडात साठलेली उष्णता शेजाऱ्यांच्या अंगावर येते. इंजिन बंद केल्यानंतरची ही काही मिनिटे कार्ब्युरेटरला चालत्या गाडीपेक्षाही अधिक जाचक असतात. पेट्रोलची वाफ होते, आणि चालक किल्ली फिरवीत बसला तरी गाडी सुरू होत नाही.

शक्तीची हानी ही याहून गुप्त, म्हणूनच अधिक लक्ष देण्याजोगी. इंजिन जी हवा ओढते ती ३० अंशांवरून ६० अंशांवर गेली, तर तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते, सिलिंडरात प्राणवायू त्या मानाने कमी जातो, आणि जी अश्वशक्ती मिळविण्यासाठी मालकाने पैसे मोजलेले असतात तिचा काही अंश बॉनेटखालीच खर्ची पडतो.

आता ही उष्णता पसरते कशी? वहन, अभिसरण आणि प्रारण या तिन्ही वाटा आपण शाळेत शिकलो. परंतु लालबुंद झालेल्या धातूच्या बाबतीत खरा अंमल प्रारणाचा असतो. जोसेफ स्टेफान याने १८७९ साली प्रयोगांवरून असे मांडले, आणि त्याचा शिष्य लुडविग बोल्ट्झमान याने १८८४ साली सिद्धांताने दाखवून दिले, की तप्त पृष्ठभागापासून निघणारे प्रारण हे निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. या नियमाचा व्यवहारातील अर्थ फार मोठा आहे. ६०० अंशांवर तापलेला काळा पृष्ठभाग चौरस मीटरमागे सुमारे ३३ किलोवॉट उष्णता फेकतो. तोच ३०० अंशांवर आणला तर हा आकडा ६ किलोवॉटांच्या घरात येतो. म्हणजे बाहेरच्या पृष्ठभागाचे अंशमापन निम्म्यावर आणले, तर शेजाऱ्यांचा ताप पंचमांशाहूनही कमी होतो. म्हणून पहिला उपाय करावयाचा तो उगमाशीच: उष्णता नळीतल्या नळीत कोंडून तिला मागल्या टोकापर्यंत पोहोचविणे.

यासाठी दोन साधने प्रचारात आहेत, एक सिरॅमिकचा लेप आणि दुसरे काचतंतूंची किंवा बेसाल्टच्या तंतूंची पट्टी. पट्टी स्वस्त असते आणि ती कोणालाही घरी गुंडाळता येते, म्हणून तिचा प्रसार अधिक; परंतु रोज रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीसाठी तिची शिफारस करण्यास माझे मन घेत नाही. ती पावसाचे पाणी धरून ठेवते, साध्या पोलादाच्या नळीला तिच्याखाली गंज चढतो, आणि आतील धातू पूर्वीपेक्षा अधिक तापत असल्यामुळे जुना मॅनिफोल्ड तडकण्याचाही संभव असतो. लेपाला खर्च येतो हे खरे, तथापि नीट तयारी करून चढविलेला लेप पाणी धरून ठेवीत नाही आणि वर्षानुवर्षे टिकतो.

दुसरा उपाय आडोशाचा. घासून लखलखीत केलेले पितळेचे भांडे आणि काजळीने काळे झालेले भांडे शेजारी शेजारी विस्तवासमोर ठेवा. काळे आधी तापते, कारण चकाकणारा धातू प्रारण परतवून लावतो. ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये उभा करण्यामागे हेच तत्त्व आहे. मात्र तो कोठेही मॅनिफोल्डला टेकता कामा नये, दोन्ही अंगांना हवेची पोकळी राहिलीच पाहिजे. टेकला की प्रारण अडवून वहनाला वाट करून दिल्यासारखे होते. हे तत्त्व पराकोटीला नेले ते गॉर्डन मरे या अभियंत्याने १९९२ साली प्रकाशात आलेल्या मॅक्लारेन एफ-१ या गाडीत. तिच्या पाठीमागे ६.१ लिटरचे बारा सिलिंडरी बीएमडब्ल्यू इंजिन, आणि त्याभोवती कार्बनतंतूंची काया, जिच्यातील राळ उष्णतेने दुर्बळ होते. मरे याने इंजिनाच्या कोठडीला आतून सोन्याच्या वर्खाचे अस्तर लावले. त्याला सुमारे १६ ग्रॅम सोने लागे. कोणास ही श्रीमंतीची मिरवणूक वाटेल, परंतु सोने अवरक्त किरणांपैकी सुमारे ९८ टक्के परतवते आणि चांदीसारखे काळवंडत नाही, एवढाच त्याचा हिशेब होता.

तिसरा उपाय हवेच्या निर्गमनाचा, आणि माझ्या मते सर्वांत उपेक्षित. रेडिएटरमधून आत आलेल्या वाऱ्याला बाहेर पडण्याची वाट नसेल, तर पट्ट्या आणि पत्रे यांच्यावर केलेला खर्च अर्धाअधिक वाया जातो. पुष्कळ हौशी मालक बॉनेटची मागली कड वॉशर घालून उचलून ठेवतात. गाडी उभी असताना गरम हवा तेथून वर निघते हे खरे. पण वेगात समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढलेला असतो, त्यामुळे तेथून हवा बाहेर जाण्याऐवजी आत येते आणि रेडिएटरमधून येणाऱ्या प्रवाहालाच अडथळा होतो. झरोके काढावयाचे ते रेडिएटरच्या मागे, बॉनेटच्या पुढच्या भागात, जेथे वरून धावणारा वारा दाब कमी करून आतील हवा ओढून घेतो. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपच्या बॉनेटवरील झरोक्यांच्या ओळींकडे पाहिले म्हणजे सौंदर्य आणि उपयोग यांची सांगड कशी पडते हे ध्यानात येते.

साधने कितीही उत्तम असली तरी ती बसविण्यात कसूर झाली तर अनर्थ होतो. २०१० साली फेरारीच्या ४५८ इटालिया या गाड्यांना आगी लागल्या; चौकशीअंती असे निष्पन्न झाले की मागल्या चाकाच्या कमानीतील उष्णतारोधक पत्रा ज्या गोंदाने चिकटविला होता, तो गोंदच एक्झॉस्टच्या उष्णतेने पेट घेई. १,२४८ गाड्या परत बोलावून गोंदाच्या जागी यांत्रिक जोडणी करण्यात आली. उष्णता रोखण्यासाठी लावलेल्या पत्र्याभोवतीच आग लागावी, ही गोष्ट प्रत्येक कारागिराने ध्यानात ठेवावी.

जाता जाता ॲबिंग्डनच्या त्या जुन्या गाडीविषयी एक विनंती. तिच्या कार्ब्युरेटरांमागे कारखान्यानेच एक पत्रा दिलेला होता. दुरुस्तीच्या वेळी तो काढून कोपऱ्यात टाकलेला असेल तर तशाच मापाचा नवा पत्रा अवश्य बसवावा. जुन्या पत्र्याला मात्र ॲस्बेस्टॉसचा थर जोडलेला असे. तो खरवडू नये, घासू नये, कोरड्या कुंचल्याने झाडू नये. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोग होतो, आणि याच कारणास्तव ब्रिटनने १९९९ साली ॲस्बेस्टॉसच्या वापरावर पूर्ण बंदी घातली.