खेळ कुणाचा, नाव कुणाचं

कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय फार जड शब्दांत छापला आहे, म्हणून घरगुती प्रश्नापासून सुरुवात करतो. पच्चीसीचा मालक कोण? कुणीच नाही, असं तुम्ही म्हणाल आणि ते बरोबरच आहे. पण पच्चीसीवरून अमेरिकेत 'पार्चीसी' नावाचा खेळ निघाला आणि १८७४ साली सेल्चो यांच्या कंपनीनं ते नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. सोंगट्या फिरवायला तिथं कुणाची ना नाही. तुमच्या खोक्यावर ते नाव छापलंत, की मात्र वकिलाची नोटीस येते.

पुढं याच कंपनीकडे स्क्रॅबल हा अक्षरं जुळवून शब्द रचण्याचा खेळही आला. आजची खरी गोष्ट त्याची आहे.

आल्फ्रेड बट्स हा अमेरिकन वास्तुविशारद १९३०च्या मंदीत बेकार झाला. वर्तमानपत्राच्या पानांवर कोणतं अक्षर किती वेळा येतं, हे त्यानं मोजलं आणि त्यावरून अक्षरांचे गुण ठरवले. केवढी चिकाटी! पण त्यानं खेळाला दिलेली नावं चालली नाहीत. 'स्क्रॅबल' हे नाव १९४८ साली जेम्स ब्रुनो यांनी दिलं. हे लक्षात ठेवा. मोजदाद एकाची, नाव दुसऱ्याचं.

कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांनी पुढं स्क्रॅबलच्याच धर्तीवर 'स्क्रॅब्युलस' नावाचा ऑनलाइन खेळ काढला. फेसबुकवर तो लाखो लोक खेळू लागले. स्क्रॅबलचे हक्क अमेरिका-कॅनडात हॅस्ब्रोकडे, इतरत्र मॅटेलकडे. मॅटेलनं दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, दोन्ही हत्यारं घेऊन: कॉपीराइट आणि ट्रेडमार्क. सप्टेंबर २००८ मध्ये न्यायमूर्ती रवींद्र भट यांचा अंतरिम आदेश आला. तो मुळातून वाचावा असा आहे.

कॉपीराइटचा मुद्दा टिकला नाही. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, ती ज्या रूपात मांडली त्या रूपाला मिळतो. नियमपुस्तिकेतली वाक्यं तुमची, पटावरचं चित्र तुमचं, खेळण्याची रीत मात्र सगळ्यांची. आता स्क्रॅबलच्या पटाकडे पाहा: पंधरा गुणिले पंधरा घरं, त्यातली काही रंगीत, दुप्पट-तिप्पट गुणांची. ही मांडणी काढून घेतली तर खेळ उरतो का? जिथं कल्पना आणि मांडणी अशी एकजीव होते, तिथं मांडणीवर मक्तेदारी दिली तर कल्पनाच एकाच्या खिशात जाते. बट्स यांच्या मोजदादीला म्हणून इथं कवच नव्हतं. मला हे कायद्याच्या दृष्टीनं पटतं, माणूस म्हणून थोडं खुपतं.

ट्रेडमार्कचा प्रश्नच वेगळा. तिथं कुणी किती डोकं चालवलं, हे कोर्ट विचारत नाही. गिऱ्हाईक फसेल का, एवढंच विचारतं. स्क्रॅब्युलस ऐकून माणसाला हे स्क्रॅबलवाल्यांचंच वाटेल, असं कोर्टाला दिसलं आणि ते नाव वापरायला मनाई झाली.

या दोन हक्कांचं आयुष्यही निराळं. भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, मग संपतो. मधल्या काळात लोकांनी हव्या तेवढ्या नकला केल्या म्हणून तो कमी होत नाही. ट्रेडमार्क दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत गेलात तर नातवंडांनाही पुरतो. पण त्याचा शत्रू लोकप्रियताच असते: ते वस्तूचंच सामान्य नाव झालं, की हक्क जातो. आपण 'झेरॉक्स काढून आण' म्हणतो आणि मशीन कोणाचं ते बघत नाही. मालकाच्या पोटात गोळा येतो तो यानंच. 'मोनॉपली'चं तेच झालं. राल्फ अ‍ॅन्सपाक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानं 'अँटी-मोनॉपली' नावाचा खेळ काढला, मोनॉपलीच्या कंपनीनं हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि १९८२ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं 'मोनॉपली' हे आता त्या खेळाचंच सामान्य नाव झालंय, असं ठरवलं. १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं कायदाच दुरुस्त केला आणि त्या निकालामागची कसोटी रद्द झाली. नावाची किंमत किती, ते यावरून समजा.

अगरवाला बंधूंनी खेळ बंद केला नाही. सातऐवजी आठ अक्षरं हातात दिली आणि नाव बदलून 'लेक्सुलस' केलं. बट्स यांनी आपल्या खेळाला अगदी पहिल्यांदा जे नाव दिलं होतं, ते होतं 'लेक्सिको'.