अपंग जवानाच्या माघारी



या व्याख्यानमालेत कुणी संतवाङ्मयावर बोलतो, कुणी इतिहासावर, कुणी ग्रहताऱ्यांवर. अशा पंक्तीत पेन्शनच्या कागदांचा विषय घेऊन उभे राहणे थोडे धारिष्ट्याचेच आहे, हे आम्ही जाणून आहोत. तथापि ज्या मुलखात घरटी एक माणूस पलटणीत गेला, ज्या सातारा जिल्ह्यातल्या एका गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखतात, त्या मुलखात तरी हा विषय परका वाटू नये. पेन्शनला ‘निवृत्तिवेतन’ असा शुद्ध शब्द आहे. परंतु तो उच्चारला तर कचेरीतला शिपाईही क्षणभर थबकतो, तेव्हा आम्ही पेन्शनच म्हणणार.

रणांगणावर पडलेल्या जवानाच्या पत्नीला आपण वीरनारी म्हणतो, पंधरा ऑगस्टला तिला पुढची खुर्ची देतो, तिचा सत्कार करतो. ते योग्यच आहे. आज जिच्याविषयी बोलावयाचे ती बाई निराळी. तिचा नवरा चौकीवरून किंवा दरीत कोसळलेल्या लष्करी गाडीतून जिवंत परत आला. पण धड परत आला नाही. कुणाचा पाय गेला, कुणाचा कणा मोडून कमरेखालचे अंग लुळे पडले. तो पुढे वीस-तीस वर्षे जगला आणि एक दिवस घरातल्या अंथरुणावर मेला. त्या दिवशी तिला कुणी वीरनारी म्हटले नाही. सरकारदप्तरी ती ‘माजी सैनिकाची विधवा’ झाली, आणि तिच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला, की हा मनुष्य कशाने मेला?

हा प्रश्न वैद्यकाचा वाटतो. पण तो पोटाचा आहे. कसा, ते थोडे हिशेबाने पाहू.

जवान हयात असताना त्याला जी अपंगत्वाची पेन्शन मिळते तिचे दोन भाग असतात. एक त्याच्या नोकरीबद्दलचा आणि दुसरा अपंगत्वाबद्दलचा. शंभर टक्के अपंग असेल आणि वैद्यकीय मंडळाने शिफारस केली असेल, तर सतत सोबत लागणाऱ्या माणसासाठी एक भत्ताही मिळतो. तो मरण पावला की अपंगत्वाचा भाग संपतो आणि सोबतीचा भत्ताही संपतो. सोबत कोण करीत होते, हे कुणी विचारीत नाही. मग विधवेला मिळते ती कुटुंब-पेन्शन. सर्वसाधारण कुटुंब-पेन्शनची योजना १ जानेवारी १९६४ पासून सुरू झाली. तिचा आजचा दर शेवटच्या हिशेबी पगाराच्या तीस टक्के आहे. सुरुवातीची काही वर्षे, वयाच्या अटीने, तो निम्म्यापर्यंत वाढतो, पण नंतर पुन्हा तीसवर येतो. तिच्यावरची पायरी म्हणजे खास कुटुंब-पेन्शन, साठ टक्क्यांची. मृत्यू लष्करी सेवेमुळे घडला असे मान्य झाले तरच ती मिळते. लढाईत किंवा शत्रूच्या हल्ल्यात जो मेला त्याच्या पत्नीला पूर्ण पगाराइतकी, शंभर टक्के मिळते. तिला उदारीकृत पेन्शन म्हणतात.

आता हिशेबी पगार चाळीस हजार धरा. साधी पेन्शन बारा हजार आणि खास पेन्शन चोवीस हजार. महागाई भत्ता दोहोंवर वेगळा. दोन रकमांमधले बारा हजार रुपये दरमहा, बाई जगेल तितकी वर्षे, त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर लटकलेले असतात.

लष्कराच्या १९६१ सालच्या पेन्शन-नियमावलीत खास कुटुंब-पेन्शनचे जे कलम आहे त्यात एक शब्द फार मोलाचा आहे. सेवेत झालेल्या जखमेने वा रोगाने मृत्यू घडला असेल, किंवा त्यामुळे तो लवकर ओढवला असेल, तर ही पेन्शन देता येते, असा त्या कलमाचा आशय आहे. ‘लवकर ओढवला’ हे शब्द आपण सर्वांनी ध्यानात ठेवावेत. जखम हेच मरणाचे एकमेव कारण असले पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. जखम नसती तर हा माणूस आणखी जगला असता, एवढे दिसले तरी दार उघडते. परंतु कागद तपासणाऱ्याच्या नजरेला हा शब्द दिसतोच असे नाही. आणि अर्ज लिहून देणाऱ्यालाही तो ठाऊक नसतो.

आमच्या पाहण्यातले एक उदाहरण सांगतो. गावाचे व माणसांचे नाव घेत नाही. बर्फाच्या मुलखात कामावर असताना गाडी घसरून जवानाचा कणा मोडला. १९८४ साली शंभर टक्के अपंग ठरून तो घरी आला. कमरेखाली संवेदना नाही, लघवीला कायमची नळी. बायकोने बत्तीस वर्षे दर दोन-तीन तासांनी त्याची कूस बदलली, म्हणजे पाठीला जखमा होऊ नयेत. तरी त्या झाल्याच. शेवटी मूत्रपिंडे बिघडली, ताप चढला, आणि २०१६ साली तो गेला. डॉक्टरांनी लिहून दिले, ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’. खास पेन्शनचा अर्ज गेला, आणि अपंगत्व कण्याचे व मृत्यू हृदयाचा, सबब संबंध दिसत नाही, असे उत्तर आले. तो कागद वाचून दाखविला तेव्हा त्या वहिनी आम्हांला म्हणाल्या, “काळीज बंद न पडता कुनी मरतं का, भाऊ?”

या प्रश्नाला वैद्यकशास्त्राने कधीच उत्तर देऊन ठेवले आहे. मृत्यूच्या कारणाचा जो ठरीव नमुना डॉक्टरांनी भरावयाचा असतो, त्यात ‘हृदयक्रिया बंद पडणे’ यासारखी मरणाची नुसती रीत लिहू नये, अशी सूचना असते. तात्कालिक कारण कोणते, ते कशातून उद्भवले आणि त्याच्या मुळाशी काय होते, अशा पायऱ्या तेथे लिहावयाच्या असतात; आणि खाली, मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर आजारांसाठी वेगळी जागा असते. वरील गृहस्थाच्या बाबतीत या पायऱ्या अशा उतरल्या असत्या: रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, तो पाठीच्या जखमांतून व मूत्रमार्गातून, आणि त्याच्या मुळाशी १९८४ च्या आधी मोडलेला कणा. सभेत काही डॉक्टर मंडळी बसलेली आम्हांला दिसत आहेत. आपल्या पेनाच्या या दोन जादा ओळींची किंमत दरमहा किती होते, ते आताच आपण मांडले.

येथे आणखी एक गुंता आहे. ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून मिळतो त्या मृत्यूच्या दाखल्यावर मरणाचे कारण मुळी नसतेच. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याने ते उताऱ्यात उघड करण्यास मनाई आहे. म्हणून पंचायतीचा दाखला आणला की काम झाले, असे समजून बाई घरी जाते. डॉक्टरांचे कारणपत्र निराळे. ते निबंधकाकडे जाते, आणि घरात त्याची प्रत उरत नसे. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने जवळच्या नातलगाला त्याची प्रत देणे आवश्यक झाले आहे. ती मागून घ्यावी. दुःखाच्या घरात हे कोण सांगणार, असे कुणी म्हणेल, शेजाऱ्याने सांगावे.

असो. त्या वहिनींचे काय झाले? पहिले अपील फेटाळले गेले. परंतु एका कापडी पिशवीत त्यांनी सारे कागद राखले होते. पलटणीच्या इस्पितळातून घरी सोडतानाचा वैद्यकीय मंडळाचा अहवाल, नळी बदलल्याच्या चिठ्ठ्या, मलमपट्टीची कार्डे, मूत्रपिंडाच्या तपासण्या. तालुक्याच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी ते वाचून रोगाची साखळी एका पानावर लिहून दिली. दुसऱ्या अपिलात ती मान्य झाली. मंजुरीचा कागद आला तेव्हा वैधव्याचे चौथे वर्ष चालू होते.

सिद्ध करण्याचा भार कुणावर, हा या विषयातला दुसरा कळीचा मुद्दा. १९८२ च्या हक्क-नियमांत स्पष्ट म्हटले होते, की हक्काच्या अटी सिद्ध करण्यास अर्जदाराला भाग पाडू नये. वाजवी शंका असेल तर तिचा फायदा अर्जदाराला मिळावा, आणि आघाडीवरील सेवेच्या बाबतीत तो अधिक उदारपणे द्यावा. २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच नियम उचलून धरले. खटला अपंगत्वाच्या पेन्शनचा होता. पण त्यातले तत्त्व विधवेच्याही उपयोगी पडते. मात्र २००८ च्या नियमांत एक पाचर मारलेली आहे. नोकरी सुटून पंधरा वर्षे उलटल्यावर मागणी केली आणि तोवर सेवेचे कागद मुदतीप्रमाणे नष्ट झाले असतील, तर सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर येतो. म्हणजे कागद जाळावयाचे सरकारने आणि त्यांची उणीव भरून काढावयाची बाईने! पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये आणखी नवे नियम आले. तेव्हा जवानाची नोकरी कधी सुटली आणि मृत्यू कधी झाला, या दोन तारखा पाहूनच कोणते नियम लागू ते ठरवावे.

दुसरीकडे हा प्रश्न कसा सोडविला आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेत सेवेमुळे मृत्यू आला असेल तर विधवेला भरपाई मिळतेच. पण तेथील कायदा आणखी एक पाऊल पुढे जातो. सेवेतील इजेमुळे जो मृत्यूपूर्वी सलग दहा वर्षे संपूर्ण अपंग गणला गेला होता, त्याच्या विधवेला, विवाहाच्या काही अटी पाळून, तीच भरपाई मिळते. तो कशाने मेला, हे तेथे विचारीत नाहीत. दहा वर्षे ज्या घराने असा माणूस सांभाळला, त्या घराकडून आणखी पुरावा मागू नये, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो. शिवाय सेवेत गुडघ्यावर किंवा त्याच्या वर एक पाय, अथवा घोट्यावर किंवा त्याच्या वर दोन्ही पाय कापले गेले असतील, तर पुढे जडणारा हृदयविकार हा त्या कापलेल्या पायाचाच परिणाम समजावा, असा तेथील नियम आहे. तो आपल्याकडे लागू नाही. परंतु पाय गमावलेल्या जवानाचा मृत्यू हृदयविकाराने झाला असेल, तर आपले मत मांडताना डॉक्टरांना त्याचा आधार दाखविता येईल. दहा वर्षांचा नियम मात्र आपल्याकडे यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. संसदेत जाणाऱ्यांनी तो मागावा. ही दयेची याचना होणार नाही. पेन्शन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे नकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे.

आता नावांचा घोळ. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत. पलटणीच्या दप्तरात ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते तीत माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे, आधारकार्डावर तिसरेच. कित्येक जुन्या पेन्शन-आदेशांवर पत्नीचे नावच नसते. नवरा हयात असताना हे दुरुस्त करणे सोपे असते. त्याच्या सहीने काम होते. मराठा पलटणीचे दप्तर बेळगावला, तोफखान्याचे नाशिकरोडला, महारचे सागरला. ज्याची जी पलटण असेल तेथे लिहावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक असतात. ते याची वाट दाखवितात.

शेवटी मुदतीविषयी. साधी कुटुंब-पेन्शन आधी सुरू करून घ्यावी. ती घेतली म्हणजे खासवरचा हक्क सोडला, असे होत नाही. नकाराचे पत्र आले तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत पहिले अपील करावे. तेथे नकार आला तर दुसरे, आणि त्यानंतर सैन्यदल न्यायाधिकरण. ते २००९ पासून काम करीत आहे आणि त्याचे एक पीठ मुंबईत आहे. उशीर झाला म्हणून हक्क बुडतोच असे नाही. दर महिन्याची न मिळालेली पेन्शन ही चालू राहणारी हानी समजली जाते. परंतु तरसेम सिंग यांच्या खटल्यात २००८ साली ठरल्याप्रमाणे, दाद उशिरा मागितली तर थकबाकी साधारणतः मागील तीन वर्षांपुरतीच मिळते. वीस वर्षांनी आलेली विधवा सतरा वर्षांची रक्कम गमावते.

पुष्कळ माताभगिनी कागद घेऊन आल्या आहेत, असे चिटणीसांनी आताच सांगितले. सभा आटोपल्यावर आम्ही येथेच बसणार आहोत. आधी वैद्यकीय मंडळाचा कागद दाखवावा, बाकीचे मागाहून पाहू.